तनाग्राच्या मृण्मूर्ती: देखण्या बायका आणि उकरलेली थडगी

मृत्तिका

ग्रीक कलेविषयीच्या आपल्याकडच्या चर्चा बहुधा संगमरवरी देवदेवतांपाशी सुरू होतात आणि तिथेच संपतात, म्हणून हा धागा मुद्दाम वीतभर उंचीच्या मातीच्या बायकांसाठी काढत आहे.

अथेन्सच्या उत्तरेला बिओशिया नावाचा प्रांत आहे आणि त्यातील असोपोस नदीच्या खोऱ्यात तनाग्रा हे प्राचीन नगर होते. इ. स. पू. ३३० च्या सुमारापासून इ. स. पू. २०० पर्यंत तेथील कबरींत साच्यातून काढलेल्या, भाजलेल्या आणि मग रंगवलेल्या ज्या पोकळ मूर्ती ठेवल्या गेल्या, त्या आज जगभर या नगराच्याच नावाने ओळखल्या जातात. हे नाव इतके रूढ झाले आहे, की त्याच घडणीची मूर्ती अलेक्झांड्रियात किंवा दक्षिण इटलीतील तारांतोत सापडली तरी तिला तनाग्राच म्हटले जाते. त्यांत मुले आहेत, तरुण आहेत, इरॉस म्हणजे पंखवाले प्रेमदेवही आहेत. पण सर्वांत अधिक संख्या आहे ती अंगभर वस्त्र लपेटून उभ्या असलेल्या स्त्रियांची.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील ‘सोफोक्लीयन’ म्हणून ओळखली जाणारी मूर्ती नमुन्यादाखल घेऊ. सोफोक्लीस या नाटककाराच्या एका प्रसिद्ध पुतळ्यासारखी तिची ठेवण असल्यामुळे तिला हे नाव पडले. शरीराचा भार एका पायावर आहे आणि दुसरा गुडघा किंचित पुढे आल्यामुळे वस्त्र तिथे ताणले गेले आहे. एक हात छातीशी दुमडलेला असून तो पूर्णपणे कापडाखाली आहे, दुसरा कंबरेमागे गेला आहे, आणि तरीही मनगट कुठे आहे व कोपर कुठे वळले आहे हे केवळ चुण्यांच्या दिशेवरून कळते. चेहरा किंचित कलता आहे. हातात कसलेही चिन्ह नाही, कसली कृती नाही आणि कसली कथाही नाही.

माझा मुद्दा येथूनच सुरू होतो. या मूर्ती काहीच सांगत नसल्यामुळे १८७० नंतर त्यांच्यावर लट्टू झालेल्या युरोपने त्यांच्याविषयी हवे ते ठरवून टाकले. पॅरिसमध्ये त्यांना प्राचीन काळातील पॅरिसकन्या म्हटले गेले, फेरफटक्याला निघालेल्या सुखवस्तू गृहिणी मानले गेले, आणि त्या मुळात कोणाच्या तरी प्रेताशेजारी ठेवल्या गेल्या होत्या ही गोष्ट मागे पडली. त्यांच्याविषयी कौतुकाने लिहिलेल्या मजकुराचा बराचसा भाग प्राचीन बिओशियापेक्षा एकोणिसाव्या शतकातील दिवाणखान्यांविषयीच अधिक सांगतो, असे माझे स्पष्ट मत आहे. या स्त्रिया कोण होत्या, त्या कबरीत का ठेवल्या गेल्या, आणि नोंदी न ठेवता उकरलेल्या थडग्यांतून आलेल्या वस्तूंविषयी आपण आज काय ठामपणे म्हणू शकतो, यावर जाणकारांनी लिहावे.

पैठणीकाठ

मृत्तिकाताई, आपण कथा नाही म्हणता. मला मात्र या मूर्तींची सगळी कथा कापडात दिसते. आतले वस्त्र खिटॉन, ते पायघोळ आणि उभ्या बारीक चुण्यांचे. त्यावरून लपेटलेले हिमाटिऑन हे आयताकृती, न शिवलेले कापड. उत्तम मूर्तींमध्ये बाहेरचे वस्त्र इतके घट्ट ओढलेले असते की आतल्या खिटॉनच्या उभ्या चुण्या त्याच्या पृष्ठभागावर उमटलेल्या दिसतात आणि त्यांवर हिमाटिऑनच्या तिरक्या चुण्या वेगळ्या धावतात. दोन कापडांची जाडी आणि त्यांचा ताण इतक्या लहान आकारात वेगवेगळा दाखवणे हे केवळ सजावटीचे काम नव्हे. ज्याला कापड कसे पडते हे ठाऊक आहे, तोच साचा घडवणारा हे करू शकतो.

हा पेहराव मूर्तिकारांच्या कल्पनेतून आलेला नाही, याला लिखित आधारही आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकात हेराक्लिडीस नावाच्या प्रवाशाने बिओशियाचे वर्णन केले आहे. बिओशियातल्याच थीब्ज या नगरातील स्त्रिया डोक्यावरून वस्त्र असे घेतात की चेहरा मुखवट्यात असल्यासारखा दिसतो आणि डोळे तेवढे उघडे राहतात, असे तो म्हणतो. त्यांची वस्त्रे पांढरी असतात, केस पिवळसर असून डोक्यावर गाठ मारून बांधलेले असतात, हेही तो नोंदवतो. मूर्तींवरील केसांचा लालसर-पिंगट रंग पाहिला की हे वर्णन आठवल्याशिवाय राहत नाही. चेहरा झाकण्याइतके टोक मात्र थोड्याच मूर्तींनी गाठले आहे; बहुतेकींनी वस्त्र डोक्यावरून घेतले आहे, पण चेहरा उघडा ठेवला आहे.

काही मूर्तींच्या डोक्यावर मधोमध शंकूसारखे टोक आलेली चपटी टोपी असते, तिला थोलिया म्हणत. ग्रीक कवी थिओक्रिटसच्या पंधराव्या काव्यात अलेक्झांड्रियात राहणारी प्राक्सिनोआ ॲडोनिसच्या उत्सवाला निघताना दासीकडून अंगवस्त्र आणि ही टोपी मागून घेते. म्हणजे ही उन्हात बाहेर पडताना घालायची वस्तू होती, आणि काही मूर्तींच्या हातात दिसणाऱ्या पानाच्या आकाराच्या पंख्याचाही उपयोग तोच. तेव्हा फेरफटक्याला निघालेल्या गृहिणी ही कल्पना पॅरिसवाल्यांनी अगदीच हवेतून काढली, असे म्हणता येणार नाही. त्यांनी बाहेर पडणे एवढेच पाहिले आणि सणासाठी किंवा देवळाकडे निघणे ही शक्यता विचारात घेतली नाही, असे फार तर म्हणता येईल.

भट्टीकर

मी मूर्तींच्या पाठीमागून लिहितो, कारण माहिती तिथे जास्त आहे.

मुळात एक नमुना हाताने घडवला जाई, त्यावरून मातीचा साचा घेऊन तो भाजला जाई, आणि मग त्या साच्यात ओल्या मातीचा पातळ थर बोटांनी दाबून बसवला जाई. मूर्तीच्या पोकळीत डोकावता आले, तर बोटांचे हे दाब आणि क्वचित ठसेही दिसतात. पुढची बाजू साच्यातून येई. पाठ कधी वेगळ्या साच्यातून, तर कधी नुसती सपाट थापून लावलेली असे. डोके बहुधा वेगळ्या साच्यातून काढून मानेत बसवत. पंखा, टोपी आणि पुढे आलेले हात हेही वेगळे जोडत. जोड अर्धवट सुकलेल्या मातीत पातळ चिखलाने सांधले जात आणि त्यानंतर अणकुचीदार साधनाने केसांच्या रेघा व चुण्या पुन्हा ठसठशीत केल्या जात. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या गणपतींना हातांची ठेवण आणि आखणी बदलून वेगळे रूप दिले जाते, त्याच हिशेबाने येथेही थोडक्या साच्यांतून पुष्कळ मूर्ती निघत. एकाच धडावर वेगवेगळी डोकी आणि एकच डोके वेगवेगळ्या धडांवर, हे संग्रहालयांत शेजारी ठेवून पाहता येते.

पाठीला एक भोक असते. तनाग्राच्या मूर्तींमध्ये ते बहुधा आयताकृती असते. भट्टीत तापताना आतील वाफेला वाट मिळाली नाही तर मूर्ती फुटेल, म्हणून ते ठेवलेले असते. पण ते इतके मोठे असते की डोक्याचा जोड आतून दाबण्यासाठीही त्यातून बोट घालता येत असावे. खाली पातळ चौकोनी बैठक असते. मूर्ती समोरूनच पाहायची हे कारागिराने गृहीत धरलेले दिसते, कारण पाठीवर वेळ घालवलेला नाही.

आता मोजमापाची गोष्ट. माती सुकताना आणि भाजताना सुमारे दहा टक्के आकसते. तयार मूर्तीवरूनच नवा साचा घेतला तर त्यातून निघालेली मूर्ती मूळ मूर्तीपेक्षा तेवढीच लहान होते आणि तिच्या चुण्या बोथट होतात; तिच्यावरून पुन्हा साचा घेतला की आणखी एक पायरी खाली. प्राचीन कारागीर हे सर्रास करत. अशा पिढ्या मोजून कोणती मूर्ती आधीची आणि कोणती नंतरची याचा क्रम लावता येतो; एखादा प्रकार एका गावातून दुसऱ्या गावात गेला असेल तर तोही उंचीवरून ओळखता येतो. थडग्याच्या नोंदी हरवल्या असल्या तरी एवढी माहिती मूर्तीच्या अंगातच आहे, हे मृत्तिकाताईंनी ध्यानात घ्यावे.

मृत्तिका

भट्टीकर, पाठीमागची बाजू पुढे आणल्याबद्दल आभार. पण आपल्याच मुद्द्यातून एक अडचण निघते. मूर्तीवरून साचा घेणे प्राचीन कारागिराला जमत होते, तर १८७५ साली अथेन्समधील नकलाकारालाही जमणारच. मग लहान, बोथट मूर्ती ही प्राचीन तिसरी पिढी आहे की एकोणिसाव्या शतकातील पहिली, हे कसे ठरवायचे?

दप्तरदार

याचे उत्तर देण्याआधी मुळात काय घडले ते क्रमाने सांगतो, कारण बनावट मूर्तींचा बाजार त्या लुटीतूनच उभा राहिला.

१८७० च्या अखेरीस तनाग्राच्या परिसरात शेतकऱ्यांना प्राचीन कबरी लागल्या. कॉर्फूहून आलेल्या एका मुरलेल्या खणणाऱ्याने मूर्तींची किंमत ओळखली आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांतील लोक शेती सोडून थडगी उकरू लागले. पुढच्या काही वर्षांत आठ ते दहा हजार थडगी रिकामी झाली, असा अंदाज दिला जातो. ग्रीसमध्ये १८३४ पासूनच पुरातन वस्तूंचा कायदा होता आणि परवानगीशिवाय त्या देशाबाहेर नेण्यास बंदी होती, तरी मूर्ती अथेन्समधील व्यापाऱ्यांमार्फत पॅरिस, बर्लिन आणि लंडनला पोहोचतच राहिल्या. अखेर अथेन्सच्या पुरातत्त्व संस्थेने पानायोतिस स्तामाताकिस यांना तेथे पाठवून रीतसर उत्खनन सुरू केले. पुढे १८७६ साली मायसीनी या प्राचीन ग्रीक स्थळी उत्खनन करणाऱ्या हाइनरिख श्लीमान यांच्यावर सरकारतर्फे देखरेख ठेवणारे, आणि त्यांच्या घाईमुळे हैराण झालेले, ते हेच गृहस्थ. त्यांच्या वाट्याला बहुधा उकरून झालेलीच जमीन यायची, असे म्हणायला हरकत नाही.

१८७८ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात खासगी संग्राहकांनी आपापल्या तनाग्रा मांडल्या आणि मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढे गेली. त्याच वर्षी राइनहार्ड केकुले यांचा तनाग्राच्या मूर्तींवरील सचित्र जर्मन ग्रंथही प्रसिद्ध झाला. नकलाकारांना नमुने हवेच होते, आणि अशा प्रकाशनांमुळे ते घरबसल्या मिळू लागले.

बनावट मूर्तींच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिलीत सगळे तुकडे खरे, पण एकमेकांचे नव्हेत: एका मूर्तीचे धड, दुसरीचे डोके, आणि वरून नव्याने दिलेला रंग. दुसरी म्हणजे खऱ्या मूर्तीवरून साचा घेऊन काढलेली नक्कल. तिसरी निव्वळ कल्पनेतून घडवलेली. दोन-तीन आकृत्यांचे नाट्यमय प्रसंग, झाडे, आसने, वर एखादी पौराणिक गोष्ट, आणि हे सगळे आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सापडल्याची बतावणी. ही शेवटची तऱ्हा त्या काळी फार गाजली. आज ती पाहताच संशय येतो, कारण तिच्यात नाटकीपणा ठासून भरलेला आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळतो. उष्मादीप्ती चाचणीत मूर्तीच्या अंगातून चिमूटभर माती काढून ती तापवतात. मातीतील खनिजांच्या स्फटिकांत साठलेली ऊर्जा त्या वेळी प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि ही माती शेवटची कधी भाजली गेली होती याचा अंदाज येतो. तेवीसशे वर्षे आणि दीडशे वर्षे यांतील फरक ओळखायला ही पद्धत पुरेशी आहे. मात्र ती जिथून माती काढली त्या तुकड्यापुरतेच सांगते. पहिल्या तऱ्हेची मूर्ती या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. म्हणून डोके आणि धड यांची माती वेगवेगळी तपासावी लागते, आणि जुळवलेल्या जागी जिप्समचा भराव आहे का तेही पाहावे लागते.

रंगारी

दप्तरदारांनी नव्या रंगाचा उल्लेख केला, म्हणून थोडक्यात भर घालतो. भाजण्यापूर्वी मूर्तीला पांढऱ्या मातीचा पातळ लेप दिला जाई आणि रंग भाजून झाल्यावर वरून लावले जात, त्यामुळे ते टिकाऊ नव्हते. जमिनीतून काढल्यावर घासूनपुसून ‘स्वच्छ’ केलेल्या मूर्तींचा रंग बाजारात पोहोचेपर्यंतच गेलेला असे. जे उरले आहे त्यात गेरूचे तांबडे-पिवळे, मंजिष्ठेपासून केलेला गुलाबी, आणि तांबे, वाळू व चुना भाजून तयार केलेला इजिप्शियन निळा प्रामुख्याने आढळतो. लूव्रमधील ‘निळ्या वस्त्रातली स्त्री’ या मूर्तीवर निळ्याच्या जोडीला सोन्याचा वर्खही टिकून आहे. वीतभर मातीवर वर्ख लावणारा ग्राहक गरीब नव्हता, एवढे त्यातून निघते.

इजिप्शियन निळ्याचा एक गुण असा, की त्यावर साधा दृश्य प्रकाश टाकला तरी तो अवरक्त किरण बाहेर टाकतो. डोळ्यांना कोरी दिसणारी मूर्ती अवरक्त टिपणाऱ्या कॅमेऱ्यासमोर ठेवली, की एकेकाळी निळ्या असलेल्या काठाचे उरलेले कण पांढरे चमकतात. एकोणिसाव्या शतकात मात्र ही रंगीत बाजू थेट डोळ्यांनी दिसली आणि तिचा मोठा परिणाम झाला. झाँ-लेओं झेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८९० साली ‘तनाग्रा’ नावाची संगमरवरी स्त्री घडवून तिला चक्क रंग दिला, तिच्या तळहातावर एक लहान नर्तिका ठेवली आणि पायाशी उत्खननाची कुदळही दाखवली. ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र दगड, ही समजूत मोडण्यात या मातीच्या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि मृत्तिकाताई दिवाणखान्यांवर रागावल्या असल्या तरी याचे श्रेय त्याच दिवाणखान्यांना द्यावे लागेल.

शंकासुर

धागा उत्तम चालला आहे, परंतु मूळ प्रतिपादनाला माझा आक्षेप आहे. लुटीमुळे संदर्भ गेला आणि म्हणून अर्थ गेला, अशी मांडणी मृत्तिकाताईंनी केली आहे. संदर्भ गेला हे खरे; पण तो सापडला असता तर अर्थ हाती लागला असता, हे कशावरून?

पहिली गोष्ट, ही शैली मुळात तनाग्राची नाहीच. ती बहुधा अथेन्समध्ये घडली आणि तिथून बिओशियात आली. १८४६ सालीच, म्हणजे तनाग्राच्या कबरी उघडण्याच्या कितीतरी आधी, फिलिप तितो या वास्तुकाराला अथेन्सच्या अक्रोपोलिसच्या पायथ्याशी वस्त्रात पूर्ण गुंडाळलेली नर्तिका मिळाली होती. ती आता लूव्रमध्ये आहे. अथेन्सच्या अगोरा या प्राचीन चौकातील उत्खननात साचे, विहिरींत पडलेल्या मूर्ती आणि कारखान्यांचा टाकाऊ माल मिळाला, आणि डोरोथी बर थॉम्पसन यांनी त्याचा अनेक वर्षे बारकाईने अभ्यास केला. हा सगळा माल कबरीबाहेरचा, गावातला आहे. कॉरिंथजवळच्या, धान्याची देवी डिमीटर आणि तिच्या कन्येच्या पवित्र स्थानासारख्या ठिकाणी मातीच्या मूर्ती नवसाच्या वस्तू म्हणून ठेवल्या जात. तेव्हा एकाच दुकानातून घेतलेली मूर्ती कोणी घरात ठेवली, कोणी देवीला वाहिली आणि कोणी मृताबरोबर पुरली, ही शक्यता सर्वांत सरळ दिसते. ‘ही कोण?’ या प्रश्नाला प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर असेल, तर कारागिराने तिच्या हातात चिन्ह न देणे हा धंद्याचा शहाणपणा ठरतो.

दुसरी गोष्ट, आशिया मायनरमधील मायरिना येथे अथेन्सच्या फ्रेंच संस्थेतर्फे १८८० ते १८८२ या काळात एदमों पोतिए आणि सालोमों रेनाक यांनी कबरी खणल्या. तिथे कोणत्या कबरीतून काय निघाले याच्या नोंदी झाल्या. तरीही मूर्ती कबरीत का ठेवत, यावर त्यानंतर एकमत झाले का? कोणी म्हणाले, मृताच्या सोबतीला. कोणी म्हणाले, पाताळातील देवतांना अर्पण म्हणून. कोणी म्हणाले, जिवंतपणी आवडत होत्या म्हणून. नोंदी आवश्यक आहेत, पण त्या सगळे उत्तर देत नाहीत.

तेरकर

एक शंका. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन केओलीनच्या, म्हणजे पांढऱ्या चिकणमातीच्या, मूर्ती आहेत आणि त्याही पुढचा व मागचा असे दोन साचे जोडून केलेल्या, आतून पोकळ आहेत. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक सागरी व्यापारवर्णनातील तगर. ही दुहेरी साच्याची पद्धत भूमध्य समुद्राकडून व्यापाराबरोबर आली, असे अभ्यासक मांडतात. मग तनाग्राशी तिचे नाते लावता येईल का?

भट्टीकर

तेरकर, दुहेरी साचा रोमन व्यापाराच्या काळात दख्खनमध्ये आला, ही मांडणी मलाही पटते. परंतु तनाग्राची भरभराट संपून तोवर दोन-तीनशे वर्षे लोटली होती आणि मधल्या काळात ही पद्धत सबंध भूमध्य जगात सर्वसामान्य झाली होती. तेरच्या मूर्तींचे दागिने, केशरचना आणि शरीराची ठेवण अगदी इथलीच आहे. साचा बाहेरून आला असेल, मूर्ती नाही.

मृत्तिका

शंकासुर यांचा आक्षेप वजनदार आहे, आणि बाजारातील एकच मूर्ती अनेक कामांना येत असावी हे मला मान्य आहे. पण त्यामुळेच कबरीची नोंद अधिक मोलाची ठरते, असे मी म्हणेन. अर्थ मूर्तीत नसून तिच्या वापरात असेल, तर वापराचा पुरावा नष्ट होणे हेच सर्वांत मोठे नुकसान आहे. कबर मुलाची होती की प्रौढाची, मूर्ती एक होती की दहा, त्या एकाच साच्यातल्या होत्या का, प्रेताशेजारी नीट मांडल्या होत्या की माती लोटताना वरून टाकल्या होत्या, त्या मुद्दाम फोडल्या होत्या का, हे प्रश्न काही गूढ नाहीत. खणणाऱ्याने कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या तर त्यांची उत्तरे मिळाली असती. मुले आणि तरुण स्त्रिया यांच्या कबरींत अशा मूर्ती विशेष आढळतात, असे इतर ठिकाणच्या नोंदलेल्या उत्खननांवरून दिसते. लग्नाआधी मेलेल्या मुलीला न मिळालेले गृहिणीपण या रूपाने सोबत दिले जात असावे, हा तर्क त्यावरच उभा आहे. तो मला आकर्षक वाटतो, परंतु आठ-दहा हजार थडगी उपलब्ध असताना तो इतक्या थोड्या पुराव्यावर तोलावा लागणे हे बोचते.

पैठणीकाठ यांनी सणाला निघण्याची जी शक्यता सांगितली, ती या तर्काशी जुळते. घराबाहेर पडण्याचे, नटण्याचे आणि चारचौघांत दिसण्याचे सर्वांत मान्य निमित्त धार्मिक उत्सव हेच होते, आणि लग्न हाही त्यातलाच एक सोहळा.

जाता जाता दोन गोष्टी. तनाग्राच्याच परिसरात मायसीनी काळातील, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातील, मातीच्या शवपेट्या मिळाल्या आहेत आणि त्यांवर डोक्याला हात लावून शोक करणाऱ्या स्त्रियांच्या रांगा रंगवलेल्या आहेत. त्या थीब्जच्या संग्रहालयात पाहता येतात. त्या शोक करणाऱ्या स्त्रियांपासून या वस्त्र लपेटलेल्या स्त्रियांपर्यंत एक सलग परंपरा ओढण्याचा मोह होतो, पण मध्ये सुमारे नऊशे वर्षे आहेत, त्यामुळे मी तो करणार नाही. आणि मायरिनाच्या मूर्तींच्या पाठीवर दिफिलोससारख्या कारागिरांची नावे असतात, तशी तनाग्राच्या मूर्तींवर नसतात; हा फरक का पडला असावा यावर भट्टीकरांनी स्वतंत्र धागा काढावा अशी विनंती आहे, कारण मायरिनाच्या पंखवाल्या इरॉसांना याच चर्चेत कोंबणे त्यांच्यावर अन्याय होईल.